ड्रोन घेण्याआधी तणाचा नकाशा घ्या! गाजर गवत, एआय आणि गावातला नवा सेवा-व्यवसाय



ड्रोन फवारणीच्या व्हिडिओनंतर निफाड तालुक्यातल्या एका तरुणाचा मेसेज आला. "सर, कर्ज मंजूर होतंय. सात लाखांचा फवारणी ड्रोन घेतोय. आमच्याकडे बांध, पडीक, रस्त्याच्या कडा, सगळीकडे गाजर गवत माजलंय. मजूर मिळत नाहीत. एआयवाला ड्रोन तण ओळखून फवारतो म्हणतात. दसऱ्याला बुकिंग करू का?"

त्याला मी एका ओळीत उत्तर दिलं: "दादा, थोडं थांबा." का थांबायचं आणि त्याऐवजी काय करायचं, ते आज सविस्तर लिहितोय. कारण असाच प्रश्न घेऊन बसलेले बरेच जण आहेत.

आजचा मुद्दा एकच आहे. तण नियंत्रणाच्या धंद्यात ड्रोनच्या टाकीपेक्षा ड्रोनचा डोळा जास्त मोलाचा आहे. आणि डोळा टाकीपेक्षा खूप स्वस्तात मिळतो. हे पटलं तर तुमचे पाच-सहा लाख वाचतील. नाही पटलं तरी हिशेब शेवटपर्यंत वाचा, मग ठरवा.

आधी शत्रू ओळखा

गाजर गवत, काँग्रेस गवत, पांढरी फुली, नाव काहीही घ्या. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. हे आपलं नाही, अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं आहे. आपल्याकडे त्याची पहिली ठळक नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली. बाहेरून आलेल्या धान्याबरोबर ते आलं असं सांगतात. पुण्यापासून सुरुवात करून त्याने पुढच्या काही दशकांत जवळजवळ सगळा देश व्यापला.

ते इतकं का पसरतं? तीन कारणं आहेत.

पहिलं, बी. एक चांगलं वाढलेलं झाड दहा हजारांहून जास्त बिया टाकतं. बी इतकं हलकं की वारा, पाणी, ट्रॅक्टरचं टायर, शेणखत, जनावरांचे खूर, कशावरूनही पुढच्या शेतात जातं.

दुसरं, वेग. पाऊस पडला की उगवतं आणि साधारण महिना-दीड महिन्यात फुलावर येतं. ओलावा मिळत राहिला तर वर्षात तीन-चार पिढ्या होतात. म्हणजे जूनमध्ये एकदा काढून टाकलं की काम संपलं, असं होत नाही.

तिसरं, खाणारं कोणी नाही. जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. माणसाला त्याने अंगाला खाज, त्वचेचे विकार, शिंका, दमा असे त्रास होतात. निंदणीला आलेल्या बायका गाजर गवताच्या तुकड्यात जायला कुरकुर करतात, त्यामागे आळस नसतो. त्यांच्या हातांवर उठलेले चट्टे बघा, मग कळेल.

जबलपूरला भारतीय कृषी संशोधन परिषदेचं तण संशोधन संचालनालय आहे. ते दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह पाळतं. तारीख अशी का? कारण पावसाळ्याच्या मध्यावर, फुलं यायच्या आधी ते उपटलं तरच उपयोग. ही "फुलाच्या आधी" गोष्ट लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

ड्रोन दोन कामं करतो, आपण एकच बघतो

जाहिरातीत काय दिसतं? मोठा ड्रोन, खाली टाकी, पाण्याची धार. ते ड्रोनचं "हाताचं" काम. दुसरं काम "डोळ्याचं": वरून फोटो काढायचे आणि तण नेमकं कुठे आहे ते सांगायचं.

आता विचार करा. दहा एकराच्या शेतात गाजर गवत सगळीकडे सारखं असतं का? नाही. बांधाला असतं, पाटाच्या कडेला, उकिरड्याजवळ, ट्रॅक्टर वळतो त्या कोपऱ्यात, विहिरीच्या मातीच्या ढिगावर असतं. म्हणजे तण ठिपक्या-ठिपक्यांनी असतं. दहा एकरात प्रत्यक्ष तणाखालची जागा अर्धा-पाऊण एकरच असेल, तर दहा एकर फवारून नऊ एकराचं औषध कशासाठी ओतायचं?

जगात मोठ्या कंपन्यांनीही पैसा डोळ्यातच घातला. अमेरिकेत जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीने २०१७ मध्ये ब्लू रिव्हर टेक्नॉलॉजी ही कंपनी साडेतीस कोटी डॉलरला विकत घेतली. ती नवा पंप किंवा नवं औषध बनवत नव्हती. ती बनवत होती कॅमेरा आणि एआय, जे चालत्या यंत्रावरून पीक कुठलं आणि तण कुठलं ते ओळखतं. आज त्यांचं यंत्र लांबलचक फवारणी दांड्यावर कॅमेरे लावून फिरतं आणि तण दिसेल तिथलाच नोझल उघडतं. बघा, तो ड्रोन नाही, जमिनीवरचं यंत्र आहे. पण तत्त्व तेच: आधी बघा, मग फवारा.

ऑस्ट्रेलियात कॉशिउस्को राष्ट्रीय उद्यानात ऑरेंज हॉकवीड नावाचं बाहेरून आलेलं तण आहे. ते कुरणं खाऊन टाकतं. तिथे ड्रोनने फोटो काढतात, संगणक त्यात नारिंगी फुलं शोधतो. पण तेवढ्यावर थांबत नाहीत. वास घेऊन तण शोधणारी प्रशिक्षित कुत्री आणि पायी फिरणारी माणसंही सोबत असतात. ड्रोन त्या टोळीतला एक गडी आहे. आपणही तसंच बघायचं.

एआय तण ओळखतो म्हणजे नक्की काय करतो?

यात जादू काही नाही. घरातल्या लहान मुलाला आपण कसं शिकवतो? "हे बघ, ही मेथी. हे गवत." शंभरदा दाखवलं की त्याला कळतं. एआयचंही तसंच.

१. ड्रोन ठरलेल्या उंचीवरून ओळीने फोटो काढतो. एक फोटो दुसऱ्यावर बराचसा चढलेला हवा, साधारण पाऊण भाग. तरच ते नीट जोडता येतात.

२. सगळे फोटो जोडून शेताचा एक मोठा नकाशा होतो. ओपनड्रोनमॅप नावाची मोफत प्रणाली हे काम करते.

३. तुम्ही संगणकावर बसून फोटोतल्या गाजर गवताभोवती चौकटी काढता. "हे तण, हेही तण, हे मात्र झेंडू." शेकडो चौकटी काढाव्या लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण खरी अक्कल इथेच तयार होते.

४. त्यावरून मॉडेल शिकतं. योलो नावाची मॉडेल्स यासाठी बरीच वापरली जातात.

५. नवीन शेताचे फोटो दिले की मॉडेल सांगतं: इथे, इथे आणि इथे तण आहे. ते ठिपके क्यूजीआयएससारख्या मोफत नकाशा प्रणालीत टाकायचे की तुमचा तणाचा नकाशा तयार.

आता यातली मेख. रिकाम्या तपकिरी जमिनीवर हिरवं काही दिसलं तर ते तण, हे ओळखणं सोपं. पेरणीआधी, पडीकात, फळबागेच्या ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्यात हे छान चालतं. पण हिरव्या पिकात हिरवं तण ओळखणं अवघड. पंजाब-हरियाणात गव्हात गुल्ली डंडा नावाचं तण येतं. लहानपणी ते गव्हासारखंच दिसतं. जिथे शेतकऱ्याची नजर फसते तिथे मॉडेलही फसू शकतं. आपल्या गाजर गवताची पानं कातरलेली असतात, जमिनीलगत पसरलेला चक्राकार गुच्छ असतो. त्यामुळे सोयाबीनमध्ये ते वेगळं दिसतं. पण शेवंती किंवा गाजराच्या प्लॉटमध्ये गोंधळ होऊ शकतो.

उंचीचाही हिशेब ठेवा. साध्या ड्रोन कॅमेऱ्याने ३० मीटरवरून काढलेल्या फोटोतला एक ठिपका जमिनीवरच्या साधारण एका सेंटिमीटरएवढा असतो. १२० मीटरवरून तोच चारेक सेंटिमीटरचा होतो. आता १५ सेंटिमीटरचं रोप घ्या. खालून ते पंधरा ठिपके रुंद दिसेल, वरून जेमतेम चार. चार ठिपक्यांत पान कातरलेलं आहे की गोल, कोण सांगणार? त्यामुळे "एका उड्डाणात शंभर एकर" असं कोणी सांगितलं तर उंची विचारा.

"९० टक्के अचूक" या शब्दाला भुलू नका

कंपनीचा माणूस म्हणतो, "सर, आमचा एआय ९० टक्के तण पकडतो." ऐकायला भारी वाटतं. आता हिशेब करा.

शेतात गाजर गवताची १०० झाडं आहेत. ९० सापडली, मारली. राहिली १०. प्रत्येकाने दहा हजार बिया टाकल्या तर किती? एक लाख. म्हणजे एका फेरीवर समाधान मानलं तर पुढच्या पावसात शेतकरी तुम्हाला फोन करून म्हणणार, "साहेब, तुमच्या मशीनने काय केलं? तण तर तेवढंच आहे."

पण तीन आठवड्यांनी दुसरी फेरी मारली आणि उरलेल्या १० पैकी ९ पकडली, तर राहिलं एक. तिसऱ्या फेरीत तेही गेलं. (नवीन उगवलेली रोपं वेगळी, ती प्रत्येक फेरीत येणारच.) म्हणजे साधं मॉडेलही तीन फेऱ्यांत मोठं काम करतं आणि भारी मॉडेलही एका फेरीत नापास होतं.

म्हणून शेतकऱ्याला एक फेरी विकू नका, हंगाम विका. तीन फेऱ्यांचं पॅकेज. या धंद्याचं गुपित मला विचाराल तर एवढंच आहे.

दुसरी गंमत बघा. कॅमेऱ्याला गाजर गवत सगळ्यात छान कधी दिसतं? पांढरी फुलं आल्यावर. आणि काढायला उशीर कधी झालेला असतो? पांढरी फुलं आल्यावर! त्यामुळे फुलांच्या फोटोंवर शिकवलेलं मॉडेल बघायला झकास, पण कामाला उशिराचं. तुमच्या मॉडेलला जमिनीलगतच्या कोवळ्या गुच्छाचे फोटो शिकवा. तुमच्याच मातीतले, सकाळचे, दुपारचे, पाऊस पडून गेल्यावरचे. हे फोटो बाहेरच्या कुठल्या कंपनीकडे नसतील. ते तुमचं भांडवल आहे.

आता हाताचं काम: इथे खरी जोखीम आहे

निफाडच्या त्या तरुणाला मी थांबवलं ते मुख्यतः या कारणाने. निफाड म्हणजे द्राक्ष. गाजर गवतासारख्या रुंद पानांच्या तणांवर २,४-डी हे तणनाशक आपल्याकडे सर्रास वापरतात. आणि द्राक्षवेल या औषधाला अतिशय नाजूक असते. कापूस आणि टोमॅटोही तसेच. थोडासा फवारा वाऱ्याने उडून वेलीवर गेला तरी पानं पंख्यासारखी आकसतात, शेंडे वाकडे होतात.

वेळ बघा. पावसाळा संपता संपता बांधावर गाजर गवत उभं असतं, आणि त्याच सुमाराला ऑक्टोबर छाटणी होऊन वेलीला कोवळी फूट येत असते. ड्रोनचा फवारा बारीक असतो. पंख्याचा वारा त्याला खाली दाबतो खरा, पण बांधाच्या कडेला तोच वारा गिरकी घेतो. एका चुकीच्या सकाळी शेजाऱ्याच्या बागेचं वर्ष जाऊ शकतं. मग धंदा बाजूला राहतो, भरपाई आणि भांडण सुरू होतं. गावात बसलेलं नाव परत उठत नाही.

"वारा नसताना फवारतो की सर!" असंही म्हणाल. पहाटे अगदी वारा पडलेला असतो तेव्हा कधी कधी जमिनीजवळ थंड हवा आणि वर गरम हवा असा थर बसतो. बारीक थेंब खाली बसत नाहीत, तरंगत राहतात आणि हळूच दुसरीकडे सरकतात. शेकोटीचा धूर वर न जाता आडवा पसरतोय असं दिसलं तर समजा, आज फवारणी नाही.

औषधाच्या बाबतीत कायदाही बघा. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर फक्त परवानाधारक कीड नियंत्रण चालकांमार्फतच करावा असा आदेश काढला. "दुकानात मिळतंय म्हणजे चालतंय" हा हिशेब सेवा देणाऱ्याने करायचा नसतो. कुठलंही तणनाशक ड्रोनमधून मारण्याआधी त्या पिकासाठी आणि ड्रोनसाठी त्याला मान्यता आहे का, हे लेबलवर आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे विचारा. उत्तर लेखी घ्या. हवाई फवारणीची सूचना लोकांना किमान २४ तास आधी द्यावी लागते, तीही विसरू नका. गावात मधमाश्यांच्या पेट्या ठेवणारा कोणी असेल तर त्याला आवर्जून सांगा.

आणि फवारणीचं विष माणसालाही सोडत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजुरांचे जीव गेले, ते आपण विसरलेलो नाही. ड्रोनचा मोठा फायदा इथे आहे, माणूस फवाऱ्यातून चालत नाही. पण टाकी भरणारा माणूसच असतो, आणि ड्रोनच्या टाकीतलं औषध पाठीवरच्या पंपापेक्षा कितीतरी घट्ट असतं, कारण एकराला पाणीच दहा लिटरच्या आसपास वापरतात. हातमोजे, चष्मा, मास्क, एप्रन घातल्याशिवाय टाकीला हात लावायचा नाही.

आता पैशाचा हिशेब

हे आकडे उदाहरणासाठी आहेत. तुमच्या भागातले दर घालून स्वतः करा.

समजा ७ लाख कर्ज, ५ वर्षं, व्याज ११ टक्के. महिन्याचा हप्ता साधारण १५,२०० रुपये. वर्षाचे झाले १ लाख ८२ हजारांच्या वर.

समजा एकरी ५०० रुपये मिळाले. त्यातून मदतनीस, गाडी, जनरेटर, किरकोळ दुरुस्ती मिळून २०० गेले. उरले ३००. फक्त हप्ता फेडायला वर्षाला ६०० एकरांच्या वर फवारणी लागते. तुमचा पगार अजून आलेला नाही! बॅटऱ्या काही शे चार्जिंगनंतर बदलाव्या लागतात, तो खर्चही यात धरलेला नाही. तणनाशक फवारायला योग्य असे दिवस वर्षात ४० मिळाले, तर रोज १५ एकर. एकही दिवस पाऊस नको, बिघाड नको, शेतकऱ्याची उधारी नको.

अशक्य नाही. कीडनाशकं, बुरशीनाशकं, विद्राव्य खतं असं सगळं मिळून करणारे करतात. पण "फक्त गाजर गवत" या एका कल्पनेवर हे कर्ज उभं राहत नाही.

आता डोळ्याचा धंदा. छोटा ड्रोन, जादा बॅटऱ्या, बऱ्यापैकी लॅपटॉप, समजा दीड लाख. एकरी एका फेरीचे १५० रुपये, तीन फेऱ्यांचे ४५०. पहिल्या हंगामात १०० एकर मिळाले तर ४५ हजार. यात घर चालणार नाही, मी खोटं सांगणार नाही. पण हप्त्याचा डोंगर नाही, शेजाऱ्याची बाग जळण्याची भीती नाही, आणि हंगामाच्या शेवटी तुमच्या हातात तीन गोष्टी असतात: शंभर एकरांचा नकाशा, शिकलेलं मॉडेल आणि ग्राहकांची यादी. मग ड्रोन घ्यायचा की नाही, हा निर्णय आकड्यांवर होतो.

मग तण मारायचं कोणी?

इथे बरेच जण अडकतात. उत्तर सोपं आहे: हात भाड्याने घ्या.

छोट्या साध्या ड्रोनचा जीपीएस दोन-चार मीटर इकडेतिकडे दाखवतो. फवारणी ड्रोनने नेमक्या झाडावर फवारायचं असेल तर आरटीके नावाची सेंटिमीटरपर्यंत अचूक यंत्रणा लागते, ती महाग. पण मोबाईलवर नकाशा बघत माणूस गेला तर दोन-चार मीटरने काय बिघडतं? तिथे पोचल्यावर त्याला तण डोळ्यांनी दिसतंच! म्हणजे स्वस्त ड्रोन आणि माणूस ही जोडी चालते, स्वस्त ड्रोन आणि आंधळी फवारणी ही जोडी चालत नाही.

म्हणून पहिल्या वर्षी चार-पाच जणांची टोळी बांधा. निंदणीचा अनुभव असलेल्या बायकांना घ्या. त्यांना कोवळं गाजर गवत तुमच्या मॉडेलपेक्षा चांगलं कळतं. त्यांना हातमोजे, पूर्ण बाह्यांचे शर्ट, मास्क तुम्ही द्या आणि रोज इतर निंदणीपेक्षा जास्त द्या. सगळं शेत तुडवायचं नाही, फक्त नकाशावरचे ठिपके. फुलाआधी मुळासकट उपटलेलं गाजर गवत कंपोस्टमध्ये घालता येतं. फुलं आलेलं मात्र खड्ड्यात घालू नका, बी पुन्हा शेतात जाईल. मॉडेलने दाखवलं पण तिथे तण नव्हतं, किंवा तण होतं पण दाखवलं नाही, तर त्यांच्याकडून खूण करून घ्या. तेच पुढच्या वेळचं शिक्षण.

मोठा पडीक तुकडा असेल, आजूबाजूला नाजूक पीक नसेल, औषधाला मान्यता असेल, तर फवारणी ड्रोनही भाड्याने बोलवा. केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेत १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरलं आहे, ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाखांपर्यंत अनुदान. तुमच्या परिसरात असा गट असेल तर त्यांना एकर हवे आहेत आणि तुमच्याकडे एकरांचा नकाशा आहे. स्पर्धा कशाला? भागीदारी करा.

कागदपत्रं: इथे शॉर्टकट नाही

- ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ड्रोनचे वजनावर गट आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, पुढे मीडियम आणि लार्ज.
- नॅनोला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रोला हौसेसाठी लागत नाही, पण पैसे घेऊन सेवा दिली की लागतं. इथे खूप जण चुकतात.
- प्रमाणपत्रासाठी वय १८ ते ६५, किमान दहावी पास, आणि डीजीसीए मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण.
- ड्रोनची नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो. नॅनो सोडून बाकीच्यांना तृतीय पक्ष विमाही लागतो.
- परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. "बिलाशिवाय स्वस्तात देतो" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.
- उडवण्याआधी हवाई क्षेत्राचा नकाशा बघा: हिरवा, पिवळा, लाल. निफाडकरांनो, तुमच्या तालुक्यातच ओझरचा विमानतळ आहे. आपल्या शेताचा रंग कोणता, हे आधी बघा, मग गिऱ्हाईक शोधा.
- अनुदानात कृषी यांत्रिकीकरणाखाली वेगवेगळे टप्पे आहेत. कृषी पदवीधराने भाडेतत्त्वाचं अवजार केंद्र काढलं तर त्याला इतरांपेक्षा जास्त टक्के मिळतात. तालुका कृषी कार्यालयात चालू वर्षाचे नियम विचारा. अनुदान मिळालं तर बरं, पण त्याच्या भरवशावर धंदा आखू नका.

ग्राहक कोण, आणि त्यांना काय सांगायचं?

एकट्या-दुकट्या शेतकऱ्यापेक्षा शेजारी-शेजारी लागून असलेली शेतं धरा. एकाने तण काढलं आणि शेजाऱ्याने ठेवलं तर बी पुन्हा येणारच. शेतकरी उत्पादक कंपनी, बीजोत्पादनाचे प्लॉट, फळबागांचे गट, ग्रामपंचायतीचे रस्ते, शाळेचं मैदान, ही खरी गिऱ्हाइकं.

त्यांना "तणमुक्त शेत" असं वचन देऊ नका. जमिनीत बियांचा साठा असतो, तो एका वर्षात संपत नाही. असं सांगा: "पहिल्या फेरीत इतके ठिपके होते, तिसऱ्या फेरीत इतके राहिले. हा आधीचा नकाशा, हा नंतरचा." हा कागद शेतकऱ्याच्या हातात पडला की दुसऱ्या वर्षी तुम्हाला भाव करावा लागत नाही.

एक जास्तीची सेवा फुकट द्या. पावसाळ्यात गाजर गवताच्या पानांवर पिवळसर, काळ्या रेघांचे भुंगेरे दिसले तर तिथे औषध मारू देऊ नका. हे मेक्सिकन भुंगेरे गाजर गवत खातात. १९८० च्या दशकात आपल्या शास्त्रज्ञांनीच तपासून ते देशात सोडले. तुमच्या नकाशावर अशी जागा वेगळ्या रंगाने दाखवा. आणि बांधावरची तण काढलेली जागा मोकळी ठेवू नका, टाकळा येऊ द्या. टाकळा दाट उगवला की गाजर गवताला जागा उरत नाही. असा सल्ला देणाऱ्याला शेतकरी "औषधवाला" समजत नाही, आपला माणूस समजतो.

या आठवड्यात काय कराल?

१. गावातली सलग २० एकर जागा निवडा. पायी फिरून कागदावर गाजर गवताचे ठिपके काढा. ड्रोन नको, वही पुरे.

२. मोबाईलने कोवळ्या रोपांचे ३०० फोटो काढा, उभं राहून वरून खाली. मोबाईलचे फोटो ड्रोनच्या फोटोंची जागा घेत नाहीत, पण तुमची नजर तयार होते. तीन आठवड्यांनी पुन्हा तिथेच.

३. पाच शेतकऱ्यांना विचारा: "तीन फेऱ्या, नकाशासकट, एकरी इतके, द्याल का?" होकार आणि नकार दोन्ही लिहून ठेवा.

४. पाचपैकी तिघांनी आगाऊ पैसे दिले तर छोट्या ड्रोनचा आणि प्रशिक्षणाचा विचार करा. कोणीच दिले नाहीत तर तुमचा खर्च किती झाला? एक वही.

निफाडचा तो तरुण परवा पुन्हा बोलला. बुकिंग पुढे ढकललंय, वही घेऊन बांधावर फिरतोय. म्हणाला, "सर, एक गोष्ट कळली. निम्मं तण आमच्या शेतात नाहीच, ओढ्याच्या कडेला आहे. तिथूनच येतंय."

बघा, ड्रोन अजून उडाला नाही आणि डोळा कामाला लागलाय.

तुमच्या २० एकराची वही तयार झाली की हिशेबाचा तक्ता आपण पुढच्या भागात एकत्र भरू. तोपर्यंत हातमोजे घाला आणि फुलाआधी उपटा!